एक ग्रॅमच्या आतली पावडर दरवेळी वेगळी का भरते?

तीच पावडर, तीच वाटी, तोच काटा. पहिल्यांदा ०.६८, वाटी उचलून परत ठेवली की ०.७३, पंखा बंद केला की ०.६५. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागले की कोकम सिरप आणि आंबा स्क्वॉश करणाऱ्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. माल टिकावा म्हणून सोडियम बेंझोएट किंवा केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, घालायचं असतं चिमूटभर, आणि नेमकी ती चिमूटच मापात येत नाही. कोणी म्हणतं काटा स्वस्तातला, कोणी म्हणतं पावडरच भेसळीची. शेजारची काकी तर निकाल देऊन मोकळी होते: "ह्यो काटो येडो झालो."

काटा सहसा येडा झालेला नसतो. त्याला न झेपणारं काम सांगितलेलं असतं. खरा उपाय महागड्या काट्यात नसून एका मोजपात्रात आणि बिनसुईच्या सिरिंजमध्ये आहे, तो पुढे येईलच. पण आधी चूक काट्याची, पावडरीची की हाताची, ते वेगळं करून घ्यावं लागतं. नाहीतर पंखाही बंद होतो, बॅटरीही बदलली जाते, पावडरही नवी येते, आणि गुण कशाने आला ते कळतच नाही.

आकडे किती लहान आहेत ते आधी बघा. सिरप, स्क्वॉश, क्रश यांसाठी बेंझोइक आम्ल किलोला ६०० मिलिग्रॅम किंवा केएमएसमधून सुटणारा सल्फर डायऑक्साइड किलोला ३५० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहे. थेट पिण्याच्या तयार सरबताला ती १२० आणि ७० इतकीच. (लेबल छापायला टाकण्याआधी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चालू तक्ता एकदा बघाच.) मर्यादा बेंझोइक आम्लाची असते आणि आपल्या डब्यात असतं सोडियम बेंझोएट. एक ग्रॅम आम्लासाठी ते १.१८ ग्रॅम लागतं. म्हणजे किलोभर कोकम सिरपला फार तर ०.७ ग्रॅम, आणि किलोभर तयार सरबताला ०.१४ ग्रॅम. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. वाटीच्या बुडाला तीन थेंब चिकटले असतील तर सरबताच्या एका किलोची पावडर तुम्ही पाण्यातच मोजली.

आता काटा. स्वयंपाकघरातला पाच किलोचा काटा एकेक ग्रॅम दाखवतो. तो ७ म्हणाला तर आत साडेसहा ते साडेसात काहीही असू शकतं, आणि एक-दोन ग्रॅम तर त्यातल्या बऱ्याच काट्यांच्या गावीही नसतात. त्यावर बेंझोएट मोजण्यात अर्थ नाही, विषय संपला. दोनशे ग्रॅमचा खिशातला काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पडद्यावर दोन दशांश दिसणं वेगळं आणि ते खरे असणं वेगळं. अशा काट्यात दोन-तीन शतांश इकडेतिकडे होणं रोजचंच आहे. ०.७ ग्रॅममध्ये ०.०३ चा फरक म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. तोच ०.०३ चा फरक १० ग्रॅममध्ये पडला तर अर्धा टक्काही होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा उपाय त्यावरच उभा आहे.

आधी नाणं ठेवून बघा

पावडर बाजूला ठेवा. २०११ नंतरच्या, रुपयाचं चिन्ह असलेल्या मालिकेतलं पितळी रंगाचं पाच रुपयांचं नाणं घ्या, त्याचं ठरलेलं वजन ६ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेतलं पाचाचं नाणं ६.७४ ग्रॅमचं आहे, दोन्हींची गल्लत करू नका. नाणं झिजतं, म्हणून त्याने काटा कॅलिब्रेट करायचा, म्हणजे खऱ्या वजनाशी जुळवायचा, नाही. ते फक्त साक्षीदार. चांगलंसं एक निवडा, धुऊन पुसा, काट्याच्या डबीतच ठेवा, आणि बाजारात खर्चू नका.

काटा चालू करून पाच-दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग नाणं मधोमध ठेवा, आकडा लिहा, उचला, शून्य आला का बघा, पुन्हा ठेवा. असं काही वेळा करा. मग तेच नाणं तबकाच्या चारी कडांना ठेवून बघा.

मध्ये ठेवल्यावर दरवेळी एकच आकडा आणि कडेला वेगळा आला, तर काटा ठीक आहे. वाटी नेमकी मध्यावर ठेवण्याची सवय हवी. तबकावर पेन्सिलीने गोल काढला की काम झालं. नाणं उचलल्यावर शून्याऐवजी ०.०२, ०.०४ असं चढत राहिलं तर काटा सरकतोय: बॅटरी, गरमी किंवा वारा. आकडा दरवेळी एकच पण ६ च्या ऐवजी ५.८ वगैरे असेल, तर कॅलिब्रेशन गेलंय. ते करायला काट्यावर लिहिलेलंच वजन लागतं, बहुधा १०० किंवा २०० ग्रॅमचं. शंभर ग्रॅमचं मिठाचं पाकीट ठेवून कॅलिब्रेशनचं बटण दाबणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. पाकिटाचं वजन पिशवीसकट किती ते कोणाला माहीत, आणि काटा मात्र तेच खरं मानून पुढे चालतो. वजन विकत घ्यायचं नसेल तर काटा आणि नाणं घेऊन ओळखीच्या सोनाराकडे जा. त्याच्या काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. नाण्याचं खरं वजन तिथून लिहून आणलं की वर्षभर साक्षीदार पक्का.

बॅटरीचं एक किनाऱ्यावरचं दुखणं आहे. समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. बॅटरी नवी घातली तरी काटा मधूनच दचकतो, ते यामुळे. झाकण उघडून बघा. बॅटऱ्या काढा आणि पत्रे कोरड्या खरखरीत कापडाने किंवा खोडरबराने घासा. चार्जरवर चालणारा काटा असेल तर मोजण्यापुरता बॅटरीवर चालवा. आपल्याकडची वीज संध्याकाळी किती नाचते ते सांगायला नको.

नाणं बरोबर, पावडर चूक

हा सगळ्यात फसवा प्रकार आहे आणि याला बहुतेक जण पावडरीची भेसळ समजतात. वाटी ठेवून शून्य केलं, आणि चमच्याच्या टोकाने पावडर अगदी हळूहळू सोडायला लागलं. दाणे पडताना दिसतायत, आकडा मात्र ०.०० वरून हलत नाही. मग एकदम ०.०८. कुठेतरी ०.७० दिसलं की आपण थांबतो. तीच पावडर शून्य केलेल्या दुसऱ्या वाटीत एकदम ओतली की ०.७९.

कारण असं की हे काटे शून्याच्या आसपासची बारीक हालचाल ही गरमी-वाऱ्याने झालेली समजतात आणि गुपचूप पुसून पुन्हा शून्य दाखवतात. शून्य स्थिर दिसावा म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. तुम्ही दोन-दोन दाणे टाकलेत तर काटा ते दाणेही त्याच खात्यात जमा करतो. वाटीत पडलेली पावडर खरी, पडद्यावरची कमी. म्हणजे ही चूक नेहमी जास्त पावडर पडण्याच्या बाजूने होते.

खात्री करून घ्यायची असेल तर रिकाम्या वाटीवर शून्य करा, आणि साखरेचा एकेक दाणा थांबून थांबून टाकत जा. बरेच दाणे जाऊनही शून्यच राहिला, तर तुमच्या काट्यात हे आहे. यावर दोन तोडगे. एक, वाटीवर शून्य करून झालं की त्यात साक्षीदार नाणं ठेवा आणि मग पावडर घाला. आकडा शून्यापासून लांब, सहाच्या पुढे असला की काटा सहसा पुसापुशी करत नाही. (पावडर पडल्यावर नाणं चिमट्याने उचलून झटका.) दुसरा तोडगा साधा: वाटी उचलून हातात धरा, पावडर घाला, ठेवा, आकडा बघा, पुन्हा उचला. चार वेळा उचल-ठेव झाली तरी हेच जास्त खरं येतं.

एककाच्या बटणाकडेही लक्ष असू द्या. या काट्यांवर ग्रॅमशिवाय कॅरट, औंस, कधी तोळा आणि 'जीएन' म्हणजे ग्रेन असं काहीही येतं. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. हे माप तिथे आहे ते मुख्यतः परदेशात घरी काडतुसं भरणाऱ्या छंदिष्टांसाठी. त्यांचं सगळं गणित ग्रेनमध्ये चालतं, आणि वर सांगितलेली हळूहळू पावडर सोडण्याची तक्रार त्यांच्यातही कायमची. आपल्याकडे काडतुसं भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे, पण काटे तेच विकले जातात. पुसताना बटण दाबलं गेलं की काटा निमूटपणे दुसऱ्या मापात जातो. आकडा भलताच दिसला तर पडद्याच्या कोपऱ्यातलं एकक आधी वाचा.

काट्यांबद्दलच्या सल्ल्यांत स्थिर विजेवर भलताच भर असतो: पावडर प्लास्टिकच्या वाटीला चिकटते, म्हणून खास कापडाने पुसा वगैरे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्यात हा प्रश्न जवळजवळ नसतोच. हवाच एवढी ओली की स्थिर वीज टिकत नाही. एसीच्या खोलीत मोजत असाल तरच त्याचा विचार करा. आपला शत्रू उलटा आहे.

दमट हवा

सिट्रिक आम्ल, बेंझोएट, पिठीसाखर, सगळ्यांना हवेतलं पाणी ओढायची खोड कमी-अधिक आहेच. उघड्या पाकिटातली पावडर आठवड्यात गुठळते. गुठळलेल्या पावडरीत वजनाला थोडं पाणी असतं. काटा खरंच सांगतो, पण पावडर कमी पडते. त्याहून वाईट अवस्था केएमएसची. ते ओलसर हवेत नुसतं जड होत नाही, त्यातला सल्फर डायऑक्साइड उडून जातो आणि जोर कमी होतो. डबा उघडल्यावर नाकात जाणारा काड्यापेटीसारखा उग्र वास म्हणजे तुमचं औषध हवेत चाललंय. जुनं केएमएस जास्त घालून भागवायचं नाही, कारण किती उरलंय ते काटा सांगू शकत नाही. फेका, नवं लहान पाकीट आणा. किलोचा डबा स्वस्त पडतो खरा, पण पावसाळा ओलांडून तो कोणाच्या कामाचा राहत नाही. दम्याचा त्रास असलेल्याने केएमएस मोजूच नये, आणि इतरांनीही डब्यावर वाकून मोजू नये.

पावडरी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत, आत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि वर ठळक नाव व उघडल्याची तारीख लिहा. बेंझोएट, केएमएस, सिट्रिक आम्ल, खाण्याचा सोडा, चारही पांढरे. नाव नसलेली बरणी ओळखायला चाखून बघणारे लोक मी पाहिलेत.

चमच्याने मोजण्याबद्दल दोनच शब्द. सपाट चमचा भरून घेतलेली पावडर आज मोकळी, उद्या दबलेली, परवा गुठळीची. चमचा तोच, वजन वेगळं. अगदीच चमचा वापरायचा असेल तर त्याच पाकिटातले दहा सपाट चमचे एकत्र वजन करून दहाने भागा, आणि नवं पाकीट आलं की पुन्हा करा. 'पाव चमचा घाला' हे पाककृतीतलं माप सरबतापुरतं, विकायच्या बाटलीसाठी नाही.

वाटी पातळ आणि हलकी घ्या, थंड आणि पूर्ण कोरडी. नुकतीच गरम पाण्याने धुतलेली स्टीलची वाटी काट्यावर ठेवली तर तिच्याभोवतीची गरम हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. वाटी निवत गेली की आकडा आपोआप चढतो. मोजण्याची जागा म्हणजे कडाप्पाचा ओटा, पण त्याच ओट्यावर मिक्सर चालू नको. मोबाइल काट्याला टेकून ठेवू नका. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पश्चिमेची खिडकी मोजण्यापुरती बंद करा, पंखाही. हे सगळं दोन मिनिटांचं.

खरा उपाय: जास्त मोजा, मग पाण्यात वाटा

०.१४ ग्रॅम मोजायचंच कशाला? १० ग्रॅम मोजा. एवढं वजन शतांश दाखवणारा साधा काटा व्यवस्थित सांगतो.

कोकम सिरपसाठी असं करा. सोडियम बेंझोएट १० ग्रॅम मोजा. उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग पाणी घालून एकूण द्रावण बरोबर १०० मिलिलिटर करा. शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम टाकणं वेगळं, एकूण शंभर करणं वेगळं, दुसरं हवं. आता या द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम बेंझोएट आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी बिनसुईची सिरिंज घ्या. किलोभर तयार सरबताचं ०.१४ ग्रॅम म्हणजे १.४ मिलिलिटर, जे लहान सिरिंजवर डोळ्यांनी दिसतं. १० किलो सिरपला मी ६५ मिलिलिटर घालते, म्हणजे साडेसहा ग्रॅम. बेंझोइक आम्लात ते किलोला साधारण ५५० मिलिग्रॅम होतं. मर्यादेला टेकून चालण्यात शहाणपणा नाही, मापात थोडी चूक झाली तरी आपण आतच राहिलो पाहिजे. पासष्ट मिलिलिटर पाण्याने सिरपचा ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅममधली साखर, जेमतेम अर्ध्या अंशाने उतरतो. पाक तेवढा घट्ट ठेवला की झालं.

पावडर पिठीसाखरेत मिसळून वाटण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. ती नको. दाण्यांचे आकार वेगळे, डबा हलला की बारीक खाली बसतं, आणि वरच्या चमच्यात एक प्रमाण तर तळाच्या चमच्यात दुसरं. द्रावणात ही भानगडच नाही.

घालताना मात्र घाई नको. कोकमाचा रस चांगलाच आंबट. बेंझोएटचं दाट द्रावण एकाच जागी भसकन ओतलं तर तिथल्या तिथे बेंझोइक आम्ल वेगळं होतं आणि पांढरे तुकडे तरंगायला लागतात, कारण ते आम्ल पाण्यात फारच थोडं विरघळतं. लोकांना वाटतं रस नासला. पळी फिरवत, बारीक धारेने सोडा. दिसलेच तुकडे तर ढवळत राहा, एवढ्या प्रमाणात ते हळूहळू विरघळतात.

केएमएसचं द्रावणही असंच करता येतं, पण साठवायचं नाही. मोजलं, विरघळवलं, लगेच घातलं. आणि घालायचं ते गार झालेल्या स्क्वॉशमध्ये. गरम, आंबट पाकात टाकलं तर मोजून घातलेलं अर्धं वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरेल. आंबा, अननस, लिंबू यांना केएमएस चालतं, कोकम-जांभळाला घालू नका; सल्फर डायऑक्साइड त्यांचा लाल-जांभळा रंगच उडवतो, आणि फिकट कोकम सिरप कोण विकत घेणार? आगळाला, म्हणजे मीठ घालून काढलेल्या कोकमाच्या रसाला, तर यातलं काहीच नको, तिथे मीठच राखण करतं. केएमएस वापरलेल्या मालात सल्फाईट किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर लेबलवर ते लिहावं लागतं.

लिटर आणि किलो

माप सगळं बरोबर करूनही बाटल्या फुगतात अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारते: दहा किलो म्हणजे दहा किलो, की दहा लिटर? मर्यादा किलोवर आहे. ६५ ब्रिक्सच्या आसपासचं सिरप पाण्यापेक्षा बरंच जड, लिटरला सव्वा किलोच्याही वर भरतं. दहा लिटरच्या पातेल्यात तेरा किलो सिरप असतं आणि पावडर पडते दहा किलोची. पातेलं रिकामं मोजून ठेवा, भरल्यावर पुन्हा मोजा, वजाबाकी करा. हे वजन मोठ्या काट्यावर करायचं आणि तिथे पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही.

त्यानंतरही बाटलीचं झाकण उघडताना फस्स आवाज आला, तर पावडरीच्या मागे लागू नका. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघा, बाटल्या गरम पाण्यातून काढून पूर्ण सुकवल्या होत्या का बघा, आणि गाळताना कोणाचा ओला हात रसात गेला ते विचारा. रातांबे धुतल्यावर निथळायला पुरेसा वेळ न देणं हे त्यातलं नेहमीचं कारण. सालीत अडकलेलं पाणी साखर पातळ करतं, आणि तिथे यीस्टला जागा मिळाली की बेंझोएट कितीही नेमकं मोजलेलं असलं तरी अपुरंच पडतं.